स्वस्त-महाग सोलर आणि एक जळका कनेक्टर

परवा भाच्याने विचारलं, "मामा, गुजरातच्या लिलावात सोलरचा दर १ रुपया ९९ पैशांवर आला होता ना? मग आपल्या साक्रीची वीज महाग का?"

महानिर्मितीचा, म्हणजे राज्य सरकारच्या वीज कंपनीचा, धुळे जिल्ह्यातल्या साक्रीचा १२५ मेगावॅटचा सोलर प्रकल्प २०१३ चा. त्या सुमारास केंद्रीय वीज नियामक आयोगच मेगावॅटमागे दहा कोटींचा खर्च धरत होता. त्याआधी, २०१०-११ साठी, आयोगाने ठरवलेला दर होता युनिटला १७ रुपये ९१ पैसे. तो १ रुपया ९९ पैशांचा लिलाव झाला डिसेंबर २०२० मध्ये. पॅनेल महाग असताना कुणीतरी घेत राहिलं, म्हणूनच ती स्वस्त झाली. सरकारी कंपनीने तेव्हा पैसे घातले, हे मला चुकीचं वाटत नाही.

मला काळजी वेगळीच आहे. औष्णिक केंद्रातला संच बंद पडला तर निदान कोळसा तरी वाचतो. सोलरमध्ये सगळा पैसा पहिल्याच दिवशी जमिनीत रोवलेला असतो. आज न झालेलं युनिट गेलं ते गेलंच.

मी एका छोट्या प्लांटवर देखभालीचं काम करतो. मागच्या वर्षी तिथे एक स्ट्रिंग, म्हणजे एकाला एक जोडलेल्या पॅनेलची माळ, तीन आठवडे मेलेली होती. चोवीस पॅनेल, प्रत्येकी ३०० वॅट. पॅनेलची डीसी वीज एसी करणाऱ्या इन्व्हर्टरच्या एकूण आकड्यात तेवढी घट कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. शेवटी सगळ्या स्ट्रिंगच्या तारा जिथे एकत्र येतात तो कॉम्बायनर बॉक्स उघडून एकेका स्ट्रिंगला तारेतला प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर लावला, तर एकीवर शून्य. पॅनेलखाली वाकून पाहिलं तर कनेक्टर वितळून काळा पडलेला, प्लास्टिकचा वास अजून येत होता. हिशोब केला: सहाशेच्या वर युनिटं बुडाली. कनेक्टरची किंमत शंभर रुपयेसुद्धा नाही.

लोकांना वाटतं मे महिन्यात सोलर जोरात चालत असेल. दुपारी पॅनेलच्या पाठीला टेम्परेचर गन लावा, साठच्या वर आकडा दिसतो. सिलिकॉनचं पॅनेल पंचवीस अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.४ टक्के ताकद गमावतं, म्हणजे चौदा-पंधरा टक्के तिथेच गेले. वर धूळ. उष्णता आपल्या हातात नाही, धूळ आहे. पण धुवायला पाणी लागतं आणि उन्हाळ्यात टँकर आधी गावाला जातो, तो जायलाच हवा. म्हणून आम्ही आता आठवड्यातून दोनदा पहाटे, काच थंड असताना, कोरड्या मायक्रोफायबरच्या मॉपने एकेक रांग पुसतो.

भाच्याला म्हटलं, रविवारी ये, पाच वाजता. एक रांग तुझी.