क्लासिक की क्लासिकल

दुपारी जरा डोळा लागत होता, तेवढ्यात भाच्याचा व्हॉइस मेसेज आला. माळ्यावरचा तांब्याचा बंब विकायला काढलाय, जाहिरात इंग्रजीत टाकायचीय. "मामा, व्हिंटेज घालू की अँटिक घालू? की नुसतं क्लासिक?" मागून ताईचा आवाज: "आधी तोटी गळतेय म्हणून घाल की!"

झोप गेली ती गेलीच.

व्हिंटेज हा मूळचा द्राक्षांच्या हंगामातला, वाइनचा शब्द. कुठल्या सालचा माल, हा प्रश्न त्याच्या पोटातच आहे. आमच्या बंबाचं साल कोण सांगणार? आजी सासरी आली तेव्हा तो न्हाणीघरात होता, एवढीच नोंद. अँटिक म्हणावं तर मागे कायदा उभा. 1972 च्या कायद्यात पुरावस्तू ठरायला साधारण 100 वर्षं लागतात, हस्तलिखिताला 75 पुरतात. उद्या कुणी वयाचा दाखला मागितला तर? रेशनकार्डावर बंबाचं नाव कधी चढलं नव्हतं.

नाव नसलं तरी घरात मान मात्र त्याचाच. नरक चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी त्याला अंगणात आणून चिंचेनं घासायचं, ते काम आम्हा पोरांकडे. हात काळे, चिंच नखात, आणि नळीच्या तोंडाशी साचलेला चिकट धूर काही केल्या निघत नसे. मग गळ्यात झेंडूची माळ, अंगाला हळदकुंकू, आणि विहिरीचं पाणी काठोकाठ. शेजारचे कन्नड लोक त्याला ‘नीरु तुंबुव हब्ब’ म्हणत, आम्ही ‘पाणी भरायचं’ म्हणत होतो. पहाटे आजी नळीत करवंट्या टाकायची. त्या तडतडायला लागल्या की पांघरुणात कळायचं, आता आपला नंबर. तेल लावून कुडकुडत बसलेल्या पोराच्या अंगावर तो पहिला तांब्या पडायचा तेव्हा...

असो. क्लासिकचं काय? तो शब्द हल्ली मेनूकार्डावरच जास्त. मिसळही क्लासिक, कोल्ड कॉफीही क्लासिक. ट्रॅडिशनल म्हटलं की मला कॉलेजचा ‘ट्रॅडिशनल डे’ आठवतो. दिवसभर सेफ्टी पिनांवर तगलेलं धोतर आणि संध्याकाळी पुन्हा जीन्स. पण ‘एथ्निक’ या शब्दावर माझा खरा दात आहे. मॉलमध्ये शिरलं की पाटी दिसते, ‘एथ्निक वेअर’, आणि खाली काय तर साड्या आणि कुडते! आपल्याच गावात आपल्याच कपड्यांना वेगळा कोपरा. मग पँटशर्टाच्या कोपऱ्यावर कुठली पाटी? काही नाही, ते नुसते कपडे.

भाच्याला कळवून टाकलं, "काहीही घाल, एथ्निक घालू नकोस. क्लासिकल तर मुळीच नको, पाणी उकळलं की बंब आलाप घेईल असं वाटेल लोकांना."

क्लासिकल हा शब्द आमच्या बेळगाव भागात जपूनच वापरावा लागतो. कुमार गंधर्व इथून जवळच, सुळेभावीत जन्मले. आणि आता तर भाषाही क्लासिकल झाल्यात. कन्नडला अभिजात दर्जा मिळाला 2008 मध्ये, मराठीला 2024 मध्ये. दोन्ही वेळा आनंद झाला, दुसऱ्या वेळी अंमळ जास्त झाला, खोटं कशाला बोला. आता पाटीवर कोण वर आणि कोण खाली, हा वाद दोन अभिजात भाषांमधला आहे, एवढाच फरक.

संध्याकाळी भाजीला गेलो. कन्नडात "एष्टु?", म्हणजे कितीला, म्हणून सुरुवात केली, "काय लावलीस की गं मेथी" म्हणून घासाघीस केली, भाजीवालीनं अर्धं कन्नडात, अर्धं मराठीत मला झाडलं. मेथी घेतली. जरा जूनच निघाली.