अंकलीच्या आज्जी

माऊलींच्या पालखीबरोबर पंढरपूरची वारी चालताना दिवेघाटाने माझं काही बिघडवलं नाही. बिघडलं ते सासवडला. पुणे ते सासवड चालून आल्यावर तिथला जादा मुक्काम म्हणजे विसावा, पण पाय सैल सोडले आणि टाचा फुगल्या. पुढे जेजुरी पिवळी झाली, वाल्ह्याला पाऊस झाला, नीरेवरचं पादुकांचं स्नान दुरून, लोकांच्या डोक्यांमधून दिसलं. मोजे ओले ते ओलेच.

लोणंद सोडलं त्या दुपारी डाव्या टाचेवरचा फोड सुपारीएवढा झाला होता. ऊन तापलेलं, मागून ढकलाढकली, आणि रस्त्याच्या कडेला कुणा साहेबांच्या फ्लेक्सखाली बिस्किटांचे पुडे टेम्पोतून अक्षरशः भिरकावत होते. पुड्यासाठी वाकलेल्या माणसाला अडखळून मी टाच आपटली. तोंडातून जे निघालं ते माऊलीच्या रस्त्यावर निघायला नको होतं. ताल मात्र सुटला नाही. पाय आपोआप पडत होते.

चांदोबाच्या लिंबाजवळ मी रस्ता सोडून सावलीत बसले. शेजारी इरकल नेसलेल्या चार-पाच बायका, मधोमध फडक्यात कडक भाकऱ्यांची चवड आणि शेंगदाण्याची चटणी. आपसात कानडी. त्यातल्या सगळ्यात वाळक्या आज्जींनी माझ्या पायाकडे पाहिलं.

"मोजं काढ की ग. कुजवतीस काय पाय?"

मी नको-नको म्हणेपर्यंत पाय त्यांच्या मांडीवर होता. आजीच्या वयाच्या बाईच्या मांडीवर माझा चिखलाचा पाय! मी ओढून घ्यायला गेले तर चापट बसली. पिशवीतून सुई निघाली, दोरा निघाला. काडी पेटवून सुई तापवली, फोडाच्या एका कडेने घालून दुसरीकडून काढली, दोरा आतच ठेवून टोकं कापली. पाणी आपलं आपण झिरपत राहतं. (डॉक्टर मंडळी यावर नाक मुरडतात, ठाऊक आहे.) वर तेलात कालवलेली हळद.

तेवढ्यात रस्त्यावर कल्लोळ उठला. उभं रिंगण. दोन्ही बाजूंना पताका, मधून अश्व धावले असणार. मला दिसली फक्त लोकांची पाठ आणि नंतर टापांखालची माती कपाळाला लावायला उडालेली झुंबड. ज्या रिंगणासाठी मी ऑफिसात भांडून रजा काढली होती, ते असं पाठमोरं झालं. डोळ्यांत पाणी आलं ते कशाचं, सांगता यायचं नाही.

"आमच्या अंकलीचं घोडं," आज्जी म्हणाल्या. अंकली म्हणजे बेळगावकडचं गाव, पालखीचे अश्व तिथून येतात. "शितोळे सरकारांचं. आमी घरी बगतोय की रोज." मग मला रडताना पाहून, "उद्या पळतंय, परवा पळतंय. घोडं हाय ते, दमतंय काय?"

त्यांच्या पिशवीत हरिपाठाची वही होती. नातवाने लिहून दिलेली, सगळी कानडी लिपीत. मला एक अक्षर लागेना. त्यांनी बोट ठेवून म्हणायला सुरुवात केली आणि शब्द माझ्याच घरातले निघाले, देवाचिये द्वारी. हेल मात्र त्यांचा. माझ्या आईची शुद्ध, घोटलेली चाल मला एकदम कोरडी वाटली. त्यांच्याबरोबर म्हणताना दोनदा मीच चुकले. त्यांनी न थांबता कोपराने ढोसून सावरून घेतलं.

उठताना मी वाकले, तर त्या माझ्याआधी माझ्या पायांशी वाकल्या. ज्या पायाला आत्ता सुई टोचली, त्याच पायाशी. या गोष्टीची मला अजून सवय झालेली नाही.

तरडगावला समाजआरतीत, म्हणजे सगळ्या दिंड्यांच्या एकत्र आरतीत, चोपदारांचा दंड वर गेला, सगळे टाळ थांबले, एका दिंडीचे वाजतच राहिले. तक्रार होती. आज्जींचीच दिंडी. पाण्याचा टँकर आला नव्हता आणि ते ऐकून घेतल्याशिवाय टाळ थांबणार नव्हते. लाखभर माणसं त्यांच्यासाठी गप्प उभी. मला फार बरं वाटलं, आणि भूकही फार लागली होती.

फलटण गेलं. बरडला आज्जी पुन्हा दिसल्या. लिंबाजवळ त्या दुपारी त्यांना वापरायला दिलेली मलमाची ट्यूब मी मागितली.

"सपली," म्हणाल्या. "आमच्यात काय एकच पाय हाय व्हय?"