सिल्वराडोचं एबीएस : दिवा बंद, पेडल मात्र थरथरतंय

गाडी माझी जुनीच, २००१ ची शेव्हरोले सिल्वराडो १५००, ५.३ लिटर व्ही-८, फोर-बाय-फोर. डेट्रॉइटच्या उपनगरात असते, म्हणजे जवळपास सगळे हिवाळे तिने बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठात काढलेत. इंजिनाकडची कामं उरकली आहेत, त्यामुळे यावेळची नोंद फक्त ब्रेकची.

सिग्नलपाशी गाडी हळू होत आली, अगदी थांबायच्या बेतात असली, की पेडल पायाखाली थरथरतं, चेसीकडून मोटरची घरघर ऐकू येते आणि गाडी हातभर पुढे सरकते. रस्ता कोरडा असतो आणि पाय हलकाच ठेवलेला असतो. ताशी ४० मैलांवर करकचून ब्रेक मारला तर काहीच गडबड नाही. डॅशबोर्डवर एबीएसचा, म्हणजे ब्रेक मारताना चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवासुद्धा लागत नाही.

दिवा लागत नाही म्हणून बरेच जण असंच चालवत राहतात. मला ते पटत नाही. एबीएसचं काम म्हणजे अडकलेल्या चाकावरचा दाब क्षणभर सोडणं. चाक अडकलेलं नसताना दाब सुटला तर थांबायचं अंतर वाढणारच. झेब्रा क्रॉसिंगवर समोर माणूस असेल तर हातभर अंतरही फार झालं.

या गाडीत पुढच्या प्रत्येक हबमध्ये (चाक ज्यावर बसतं तो बेअरिंगसकटचा भाग) दाते पाडलेली एक रिंग फिरते आणि तिच्यासमोर एक सेन्सर बसवलेला असतो. सेन्सर म्हणजे आत एक चुंबक आणि त्याभोवती तारेचं वेटोळं. त्याला बाहेरून वीज लागत नाही. दाते समोरून गेले की तोच एसी व्होल्टेज तयार करतो. चाक जितकं जोरात फिरेल तितकं व्होल्टेज जास्त, आणि रिंग व सेन्सर यांच्यातली फट जितकी मोठी तितकं ते कमी. मागच्या चाकांना वेगळे सेन्सर नाहीत, तो वेग गिअरबॉक्सकडच्या स्पीड सेन्सरवरून घेतला जातो.

मीठ नेमकं इथे घात करतं. सेन्सर हबच्या ज्या लोखंडी बैठकीवर बोल्टने आवळलेला असतो तिथे गंज धरतो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. जुन्या इमारतीत सळीला गंज चढला की वरचं काँक्रीट फुगून सुटतं, तसाच इथे सेन्सर केसाकेसाने वर उचलला जातो आणि फट वाढत जाते. जोरात असताना व्होल्टेज भरपूर असल्यामुळे काही कळत नाही. वेग उतरला की त्या एका चाकाचा सिग्नल आधीच गळून पडतो. मॉड्यूलला, म्हणजे एबीएस चालवणाऱ्या संगणकाला, दिसतं की बाकी दोन ठिकाणी वेग आहे, एका ठिकाणी अचानक शून्य. ते चाक अडकलं असं मानून मॉड्यूल दाब सोडतं. त्याच्या हिशोबाने सगळं बरोबर चाललेलं असतं, म्हणून दिवाही लागत नाही.

याच कारणासाठी ऑगस्ट २००५ मध्ये १९९९ ते २००२ सालच्या सुमारे ८ लाख पिकअप आणि एसयूव्ही अमेरिकेत परत बोलावल्या गेल्या होत्या, आणि त्याही फक्त मीठ टाकणाऱ्या १४ राज्यांतल्या आणि राजधानी वॉशिंग्टनमधल्या. डेट्रॉइटचं राज्य मिशिगन त्या यादीत होतंच. रस्त्यांवर टाकायचं हे मीठ खुद्द डेट्रॉइट शहराच्या पोटातूनही निघतं. हजार फुटांहून खोल अशी मिठाची खाण शहराखाली विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आहे. गाड्या परत बोलावल्या तेव्हाचा उपाय होता सेन्सर काढून बैठक साफ करणं, तिला गंजरोधक लेप देणं आणि गरज असेल तर सेन्सर बदलणं. पण त्यालाही आता कितीतरी हिवाळे उलटले. लेप कायमचा टिकत नाही.

आता तपासणी. फोनला जोडायचा स्वस्त ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) इथे कामाचा नाही. तो बहुतेक वेळा इंजिनाचे 'पी'ने सुरू होणारे कोडच वाचतो. ब्रेकचे कोड 'सी'चे असतात, त्यासाठी एबीएस मॉड्यूलशी बोलणारा स्कॅनर हवा. तो जोडला तर एकही कोड साठलेला नव्हता, आणि तशीच अपेक्षा होती. खरा उपयोग स्कॅनरवरच्या चाकांच्या वेगाच्या आलेखाचा झाला. रविवारी सकाळी मॉलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये मित्राने गाडी चालवली आणि मी स्कॅनर धरून बसलो. ताशी २५ मैलांवरून गाडी सावकाश थांबवताना डाव्या-उजव्या चाकाच्या रेघा एकावर एक चालल्या होत्या. ताशी ८ मैलांच्या आसपास उजवी रेघ कड्यावरून पडावी तशी शून्यावर आली, आणि त्याच क्षणी पेडल थरथरलं. डावी मात्र शेवटपर्यंत शांतपणे उतरली.

इथे थांबून थेट नवा हब मागवायचा मोह होतो. तो आवरा आणि मल्टीमीटर काढा. गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) नीट उचलून दोन्ही सेन्सरची कनेक्टर सोडवली. आधी रोध मोजला, तर डावा-उजवा जवळपास सारखा. म्हणजे वेटोळं धड आहे. मग मीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवून चाक सेकंदाला साधारण एक फेरा या गतीने हाताने फिरवलं. डावीकडे ४०० च्या वर, उजवीकडे जेमतेम ९०. रोध बरोबर आणि व्होल्टेज कमी, ही जोडी दिसली की फटीवर संशय घ्यायचा. फक्त रोध मोजून सेन्सर 'पास' करणाऱ्यांना हा बिघाड कधीच सापडत नाही. चाक वर-खाली धरून हलवूनही पाहिलं. खेळ अजिबात नव्हता, बेअरिंगचा आवाज नव्हता. खेळ असता तर साफसफाईत वेळ न घालवता हबच बदलला असता, कारण ढिल्या बेअरिंगमध्ये फट सतत बदलत राहते.

नव्या गाड्या असलेल्यांनी एक लक्षात ठेवावं. तुमच्याकडे बहुधा सक्रिय सेन्सर असतील. त्यांना वीज लागते, ते अगदी कमी वेगही वाचतात, आणि त्यांच्यावर रोध मोजायच्या भानगडीत पडू नये. मालवण-रत्नागिरीकडे खाऱ्या वाऱ्यात उभ्या राहणाऱ्या गाड्यांना बैठकीचा गंज मात्र तितकाच लागू आहे.

उजवं चाक, कॅलिपर, ब्रॅकेट, डिस्क, या क्रमाने सगळं उतरवलं. कॅलिपर तारेने टांगायचा, नळीवर लोंबू द्यायचा नाही. सेन्सर गंजाने घट्ट धरलेला होता. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं, तरी सकाळी हलेना. स्क्रू ड्रायव्हरने उचकटला तर प्लॅस्टिकचा कान तुटतो. त्याऐवजी किंचित इकडे, किंचित तिकडे असा फिरवत राहिलो, तेल मारत राहिलो, आणि शेवटी तो अख्खा बाहेर आला. खाली गंजाची पापुद्र्यांची खपली निघाली. व्हर्नियरवर जवळपास एक मिलिमीटर! एवढ्याशा फटीने दीड-दोन टनांच्या वर वजनाची गाडी चुकीचा निर्णय घेत होती.

भोकात कापडाचा बोळा कोंबून मगच घासायला घेतलं, कारण आत रिंग आणि बेअरिंग आहे. ग्राइंडर लावला नाही. पॉलिश पेपर आणि तारेचा छोटा ब्रश पुरला. बैठक सपाट आणि लखलखीत झाली पाहिजे, पण मूळ धातू उतरता कामा नये, नाहीतर फट उलटी कमी होऊन सेन्सर रिंगला घासेल. सेन्सरचं टोक स्वतः चुंबक असल्यामुळे लोखंडाचा कीस त्याला चिकटून बसतो, तो पुसून काढायचा. बैठकीवर जस्तयुक्त प्रायमरचा पातळ हात दिला, वाळू दिला, वर ग्रीसचा हलका थर. सेन्सर तोच परत बसवला.

मीटर आता उजवीकडेही ४०० च्या पुढे जातोय. पार्किंगमध्ये पुन्हा आलेख घेतला, दोन्ही रेघा शेवटपर्यंत जोडीने उतरल्या आणि पेडल शांत राहिलं. डावी बाजू आकड्यांत ठीक होती, तरी तीही उघडून साफ केली. खपली तिथेही धरायला लागली होती, फक्त पातळ होती.

काही आठवड्यांनी पिवळा दिवा लागला, यावेळी खराखुरा. कोड सी ०२६५, पंप मोटरच्या रिलेच्या सर्किटचा. हे दुखणं पूर्ण वेगळं आहे, सेन्सरशी त्याचा संबंध नाही. या गाडीत एबीएस मॉड्यूल ड्रायव्हरच्या खाली चेसीला लावलेलं असतं आणि त्याचं अर्थिंगही तिथेच, मीठ-पाण्याच्या थेट माऱ्यात. स्कॅनरने पंप चालवून त्याच वेळी मॉड्यूलची अर्थिंग तार आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यात व्होल्टेज मोजलं, तर जवळजवळ एक व्होल्ट तिथेच खर्च होत होता. बोल्ट काढला, तारेचा टोकाचा डोळा आणि चेसी दोन्ही चकचकीत घासली, आवळून वर सील केलं. आता दशांश एक व्होल्टच्या खाली आहे आणि दिवा गेला. एवढं करूनही कोड परत आला असता तर मॉड्यूलमधले तडकलेले सोल्डर-जोड बघावे लागले असते. इलेक्ट्रॉनिक भाग हायड्रॉलिक पाइप न सोडवता वेगळा निघतो, त्यामुळे तो दुरुस्तीला पाठवणं तितकं अवघड नाही.

एबीएसचा फ्यूज काढून गाडी चालवायचा सल्ला तुम्हाला नक्की कोणीतरी देईल. तपासण्यापुरता, मोकळ्या जागेत, ठीक. रस्त्यावर अजिबात नको. मागच्या चाकांचा ब्रेक दाब आटोक्यात ठेवायचं कामही हेच मॉड्यूल करतं. फ्यूज काढला की मागचा माल ठेवायचा हौदा रिकामा असताना मागची चाकं आधी अडकतात आणि ओल्या रस्त्यावर मागचा भाग बाजूला फिरतो.

खाली पडलेलो असताना चेसीला लागून जाणारे ब्रेक पाइप नीट न्याहाळले. मॉड्यूलपासून मागे जाणाऱ्या पाइपवर क्लिपांच्या खाली फोड आलेत. पुढचं काम तेच, निकेल-तांब्याचे पाइप. ते हाताने वाकतात आणि मिठाला दाद देत नाहीत. मॉड्यूलमध्ये हवा शिरली तर फक्त पेडल मारून ती निघत नाही, स्कॅनरने आतले व्हॉल्व्ह आणि पंप चालवून ब्लीड करावं लागतं. म्हणून मॉड्यूलकडची टोकं सोडल्या सोडल्या टोपणं लावायची असं ठरवलंय. पेट्रोलची टाकी न उतरवता तिच्यावरून जाणारा पाइप कोणी बदलला असेल तर कुठून ओवला ते जरूर सांगा. मी तूर्त हौद्याचे बोल्ट सैल करून एका बाजूने उचलायचा विचार करतोय.