जर्मन लॉग, बी-वन: नेबनझात्सला मराठीचा वशिला

मी जर्मन शिकतोय, बी-वन म्हणजे मधल्या पातळीचं. सध्या बाकी सगळं बाजूला ठेवून फक्त नेबनझात्स, म्हणजे मुख्य वाक्याला जोडून येणारं गौण वाक्य, घेतलंय. वाइल (कारण), दास (की), ओबवोल (जरी), वेन (जर, जेव्हा) ही मंडळी आली की क्रियापद शेवटी, हा नियम सगळ्यांना पाठ असतो पण बोलताना तोंडातून निघत नाही. माझं आता बऱ्यापैकी निघायला लागलंय, कारण मी मधलं इंग्रजी काढून टाकलं आणि डायरेक्ट मराठीवरून जातो. बघा ना, 'वाइल इश हॉयटं आर्बाइटन मुस', आणि आपलं 'मला आज काम करावं लागतं'. आर्बाइटन मुस, करावं लागतं, सेम क्रम! 'दास एर दास बूख गेलेझन हाट' घ्या, 'त्याने पुस्तक वाचलं आहे', परत तेच. आउफश्टेएनसारखी (उठणे) तुटणारी क्रियापदंसुद्धा इथे शहाण्यासारखी जोडून येतात, 'इश श्टेए उम झेक्स आउफ' (मी सहाला उठतो) पण 'वाइल इश उम झेक्स आउफश्टेए'.

मराठीचा वशिला संपतो तो नेबनझात्स आधी आला की. 'वेन एस रेगनेट, ब्लायबं इश त्सु हाउझं'. आपण म्हणतो 'पाऊस पडला तर मी घरी राहतो', म्हणजे 'मी' आधी, पण जर्मनमध्ये तो अख्खा वेनवाला तुकडा पहिली जागा खातो आणि मेन क्रियापदाला दुसरी जागा हवीच असते, म्हणून स्वल्पविरामाच्या दोन्ही बाजूंना क्रियापदं चिकटून बसतात, रेगनेट, ब्लायबं. मी आता हीच जोडी मोठ्याने म्हणत बसतो, मला वेड लागलंय असं घरच्यांना वाटतं.

ऐकायला डॉइचं वेलं या जर्मन प्रसारण संस्थेच्या हळू वाचलेल्या बातम्या. दास ऐकू आलं की पॉज, शेवटचं क्रियापद काय येईल ते आधी मी बोलायचं, मग प्ले. भारी प्रॅक्टिस आहे, करून बघा.

दोन फुटकळ गोष्टी. डेनचा अर्थही 'कारण'च, पण तो क्रम अजिबात हलवत नाही, घाईत असाल तर डेन वापरून सुटा. आणि 'वाइल इश गेस्टर्न हाबं आर्बाइटन म्युसन' (कारण मला काल काम करावं लागलं), इथे हाबं शेवटी न जाता उलट दोन्ही इन्फिनिटिव्हच्या, म्हणजे क्रियापदांच्या मूळ रूपांच्या, आधी येऊन उभं राहतं, आता याला काय म्हणायचं! बोलताना सरळ 'आर्बाइटन मुस्टं' म्हणायचं, जर्मन लोकही बहुतेक वेळा तेच म्हणतात.

पुढे आल्स (हेही 'जेव्हा'च) आणि वेनचा भूतकाळ घेणार आहे. एकदाच घडलं तर आल्स, दर वेळी घडायचं तर वेन, ऐकायला सोपं वाटतंय, कोणाकडे चांगली वाक्यं असतील तर टाका.