प्रबंध संपवायचा तर निर्णय लिहून ठेवा

पीएचडीच्या शेवटच्या टप्प्यातली मुलं-मुली बोलायला येतात तेव्हा बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: अजून थोडा डेटा घेऊ, की आता लिहायला बसू? मी त्यांना उलट विचारते, पुरेसा डेटा म्हणजे किती हे तू कुठे लिहून ठेवलं आहेस का? बहुतेकांनी ठेवलेलं नसतं. मनात ठरवलेलं असतं, आणि मनात ठरवलेलं दर महिन्याला बदलतं.

माझा विषय परागकणांचा. तलावाच्या तळाशी हजारो वर्षं गाळाचे थर साचत जातात आणि त्यात आजूबाजूच्या झाडाझुडपांचे परागकण अडकून राहतात. नळी खोल घालून तो गाळ उभाच्या उभा बाहेर काढायचा, ठरावीक अंतरावर नमुने घ्यायचे, आम्लांनी त्यातली माती विरघळवायची आणि उरलेले कण सूक्ष्मदर्शकाखाली एकेक ओळखून मोजायचे. कुठल्या काळात तिथे जंगल होतं, कुठल्या काळात गवत पसरलं, हे त्यातून समजतं. एका नमुन्याच्या मोजणीत अख्खा दिवस जाऊ शकतो. आणि या कामाला आपणहून शेवट येत नाही. दोन नमुन्यांच्या मध्ये तिसरा घेता येतो. ३०० कण मोजले असतील तर ६०० मोजता येतात.

म्हणून मी हिशेब करून पाहिला. एखाद्या झाडाचं प्रमाण १० टक्के असेल, तर ३०० कण मोजल्यावर त्या आकड्यात साधारण साडेतीन टक्क्यांचा फरक इकडे-तिकडे संभवतो. ६०० मोजले तर तोच फरक अडीच टक्क्यांच्या जवळ येतो. म्हणजे मेहनत दुप्पट आणि हाती येतो जेमतेम एक टक्का. माझा प्रश्न जंगल कधी मागे हटलं हा होता, आणि तिथे बदल वीस-तीस टक्क्यांचे दिसत होते. ३०० पुरेसे होते. हे सगळं मी तारखेसह एका वहीत उतरवलं आणि ती पुढे माझी निर्णयांची वही झाली.

प्रयोगवही सगळेच ठेवतात. कुठल्या नमुन्याला कुठलं आम्ल, किती वेळ, किती तापमान, याची नोंद तिच्यात असते. पण हेच का केलं आणि दुसरं का नाही, हे तिच्यात नसतं. गवताच्या कुळातला कण किती मोठा असला की तो पिकाचा धरायचा, हा आमच्या शाखेतला कायमचा पेच आहे, कारण काही रानगवतांचे कणही मोठे असतात. मी ४० मायक्रॉन ही मर्यादा घेतली. त्या दिवशी मी पुढे कुठले पर्याय होते, हा का निवडला आणि यात काय निसटू शकतं, हे वहीच्या अर्ध्या पानात लिहिलं. दोन-तीन वर्षांनी पद्धतीचं प्रकरण लिहायला घेतलं तेव्हा ती पानं समोर ठेवून लिहीत गेले. आठवण ताणावी लागली नाही.

या वहीचा सगळ्यात मोठा उपयोग झाला तो प्रबंधातून काय काढायचं हे ठरवताना. त्याच गाळात कोळशाचे बारीक कणही असतात, जुन्या वणव्यांच्या खुणा. मी ते मोजायला सुरुवात केली होती आणि त्यावर स्वतंत्र प्रकरण करायचं मनात होतं. निम्म्या नमुन्यांची मोजणी झाली होती, जे दिसत होतं ते सुंदर होतं. पण उरलेल्या निम्म्यासाठी लागणारा वेळ आणि सादर करायची तारीख यांचा मेळ बसत नव्हता. मी वहीत दोन रकाने आखले. प्रबंधाचा मुख्य दावा या प्रकरणाशिवाय उभा राहतो का? राहतो. या प्रकरणामुळे तो अधिक भक्कम होतो का? होतो, पण परीक्षकांच्या नजरेला अपुरा डेटाही पडतो. मॅडमना (माझ्या गाईड) ते पान दाखवलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, "काढ. याचा वेगळा पेपर कर." मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. ज्या कामावर आपला जीव असतो ते बाजूला ठेवताना दुखतंच, आणि ते दुखणं पीएचडीच्या कामाचाच भाग आहे असं मी मनापासून मानते. वही होती म्हणून निदान तो निर्णय पुन्हा पुन्हा उकरावा लागला नाही. शंका आली की ते पान वाचायचं. कारणं तीच असतील तर पुढे जायचं.

प्रबंध जाड असला म्हणजे दमदार, ही भीती अनेकांच्या मनात बसलेली असते. जॉन नॅश यांचा १९५० सालचा प्रिन्स्टनचा प्रबंध २८ पानांचा होता आणि त्या कामासाठी पुढे त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्यातले बहुतेक जण २८ पानांत मावणार नाहीत, आमच्या शाखेत तर नुसत्या तक्त्यांनाच तेवढी पानं लागतात. पण पानं वाढवण्यासाठी प्रकरण ठेवू नये, एवढं त्यातून नक्की घ्यावं.

वेळेच्या अंदाजाबद्दल एक अभ्यास मी सगळ्यांना सांगते. १९९४ साली ब्युलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी पदवीचा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवसांत पुरा कराल? सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. सगळंच बिनसलं तर? सुमारे ४९. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवसांहून जास्त लागले. म्हणजे वाईटात वाईट धरलेला अंदाजही कमी पडला. यातून मी एक सवय लावून घेतली. पुढचं प्रकरण किती दिवसांत होईल असं मनाला विचारायचंच नाही. मागचं प्रकरण पहिल्या ओळीपासून मॅडमच्या होकारापर्यंत किती दिवसांत झालं, ते वहीत बघायचं आणि तोच आकडा पुढच्यासाठी धरायचा. तो आकडा बघून पोटात गोळा येतो, पण बहुतेक वेळा तोच खरा ठरतो.

लिहिण्याचा क्रम प्रत्येकाचा वेगळा असतो, माझा आकृत्यांपासून सुरू होतो. लेनार्ट फॉन पोस्ट यांनी १९१६ साली परागकणांच्या टक्केवारीचे आलेख मांडले, तेव्हापासून आमची शाखा त्याच आकृतीवर उभी आहे: खाली जुना काळ, वर नवा, आणि प्रत्येक वनस्पतीचा एकेक उभा पट्टा. मी आधी सगळ्या आकृत्या टेबलावर मांडल्या, कुठलीनंतर कुठली हे ठरवलं आणि प्रत्येकीखाली दोन वाक्यं लिहिली: हिच्यात काय दिसतं, आणि त्यावरून मी काय म्हणते. ती वाक्यं ओळीने वाचली की प्रबंधाचा सांगाडा दिसतो. मग पद्धती, मग निष्कर्ष, मग चर्चा. प्रस्तावना सगळ्यात शेवटी, कारण ती वाचकाला शब्द देते, आणि पुढच्या प्रकरणांत काय उतरलं आहे हे कळल्याशिवाय शब्द देता येत नाही.

पद्धतीचं प्रकरण मात्र प्रयोगशाळेतलं काम चालू असतानाच लिहावं. हायड्रोफ्लोरिक आम्लासारख्या घातक रसायनाची पायरी करताना प्रत्येक मिनिट आणि प्रत्येक खबरदारी डोक्यात ताजी असते. वर्षानंतर ती तशी राहत नाही.

आकड्यांबद्दल माझा आग्रह फार कडक आहे. गाळाचं वय रेडिओकार्बनने काढतात. प्रयोगशाळेकडून येतं ते कच्चं वय, आणि ते खऱ्या वर्षांत बदलायला एक आंतरराष्ट्रीय वक्ररेषा वापरतात. मी काम सुरू केलं तेव्हा इंटकॅल१३ चालू होती. २०२० साली इंटकॅल२० आली आणि जुन्या वक्ररेषेवरची वयं प्रबंधात ठेवणं योग्य ठरलं नसतं. वयं बदलली की आकृत्यांचे अक्ष बदलतात आणि मजकुरातली वर्षंही बदलतात. माझ्याकडे कच्ची वयं आणि त्यांच्या त्रुटी एका वेगळ्या फाइलमध्ये होत्या, त्या फाइलला मी कधी हात लावत नसे. पुढचं सगळं गणित आर (R) या संगणकभाषेतल्या स्क्रिप्टमध्ये होतं. वक्ररेषेचं नाव बदललं, स्क्रिप्ट पुन्हा चालवली आणि आकृत्या नव्याने तयार झाल्या. मजकुरातला एकेक आकडा मात्र नव्या तक्त्याशी ताडून पाहिला. कुठल्याही शाखेतल्या माणसाला मी हेच सांगेन: मूळ नोंदी वेगळ्या आणि बंद, त्यांच्यावरून काढलेलं सगळं पुन्हा काढता येईल असं. मुलाखती असोत की जुनी कागदपत्रं, नियम तोच. आणि प्रती तीन ठेवा, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर.

गाईडशी होणाऱ्या भेटींचंही असंच. प्रत्येक भेटीनंतर त्याच दिवशी मी मॅडमना छोटी मेल करायची: आज हे ठरलं, हे मी अमुक तारखेपर्यंत देते, हे तुम्ही बघणार आहात. त्यांचं "बरोबर" एवढंच उत्तर यायचं आणि तेवढं पुरायचं. गाईड लोकांच्या डोक्यात एकाच वेळी कितीतरी विद्यार्थ्यांची कामं असतात, त्यांनी सगळं लक्षात ठेवावं ही अपेक्षाच अन्यायाची आहे. प्रकरण वाचायला देतानाही वर एक चिठ्ठी लावायची: मॅडम, या वेळी फक्त युक्तिवाद बघा, भाषा नंतर. अशी चिठ्ठी नसली तर वाचणारा पहिल्या पानावरच्या स्वल्पविरामांत अडकतो आणि आपल्याला हवं ते मिळत नाही.

एकटेपणाबद्दल थोडंच लिहिते, कारण ते प्रत्येकाचं निराळं असतं. मी आणि एक मैत्रीण रोज सकाळी फोन लावून, न बोलता, आपापलं लिहीत बसायचो. तिचा विषय पार वेगळा, पण पलीकडे कीबोर्डचा आवाज आला की माझाही हात चालायचा.

व्हायव्हात बाहेरच्या परीक्षकांनी विचारलंच: ४० मायक्रॉन का, ५० का नाही? मी वहीतली कारणं सांगितली आणि यात काय निसटू शकतं तेही सांगितलं. त्यांनी पुढे विचारलं, मग इथे शेती कधी सुरू झाली हे ठामपणे सांगता येईल? मी म्हटलं, या गाळातून तेवढं सांगता येत नाही, बियांचे अवशेष मिळाले तर सांगता येईल. आपल्या पुराव्याची हद्द कुठे संपते हे त्या खोलीत स्वच्छ सांगता आलं, याचा मला आजही अभिमान वाटतो.

त्यानंतर दुरुस्त्या आल्या. मी तीन रकान्यांचा तक्ता केला: परीक्षकांची सूचना त्यांच्याच शब्दांत, मी काय केलं, कुठल्या पानावर. दोन सूचना मी मान्य केल्या नाहीत, तिथे मधल्या रकान्यात कारण लिहिलं. तो तक्ता सुधारित प्रतीसोबत जोडला आणि ती कारणं परीक्षकांनी मान्य केली. आता मोजणीचे मूळ आकडे आणि कच्ची वयं निओटोमा या खुल्या संग्रहात देण्याची तयारी चालू आहे, म्हणजे पुढची वक्ररेषा आली की कुणालाही ती वयं नव्याने काढता येतील. कोळशाच्या उरलेल्या नमुन्यांची मोजणीही पुन्हा सुरू केली आहे. या वेळी वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलं आहे, किती नमुन्यांनंतर थांबायचं.