जपानी मेपल, वर्ष तिसरं: मुळं उघडून पाहिली

उंची ४१ सेंमी, बुंधा करंगळीपेक्षा थोडा बारीक. उन्हाळाभर पानांची टोकं करपत होती, त्याचं कारण आता सापडलंय.

आधी सगळा दोष मी उन्हाला दिला. एसर पाल्मेटमचं (जपानी मेपलचं शास्त्रीय नाव) पान पातळ असतं. कडक ऊन आणि कोरडा वारा एकदम आला की पानातून जेवढं पाणी उडतं तेवढं मुळं पुरवू शकत नाहीत, आणि टोकं वाळतात. म्हणून कुंडी सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी हलवली, शिवाय पाणी वाढवलं. जागा बदलली ते बरोबर होतं. पाणी वाढवलं ती चूक.

पानगळ झाली, आणि फांद्यांवरचे डोळे (नवी पालवी फुटणारे कोंब) फुगायच्या आधी झाड कुंडीतून काढलं. खालच्या भागात नुसता चिखल. तिथल्या मुळ्या काळ्या पडलेल्या. चिमटीत धरून ओढलं की साल निघून हातात यायची, आत दोऱ्यासारखा गाभा उरायचा. वरच्या मुळ्या मात्र फिकट आणि टणक होत्या. कोकोपीट दोन वर्षांत कुजून दबलं होतं. वरून माती कोरडी दिसायची, मी पाणी घालायचो, आणि तळाशी मुळं गुदमरत होती. पानांपर्यंत पाणी पोहोचणार कुठून? व्हर्टिसिलियम या लाकडात शिरून झाड वाळवणाऱ्या बुरशीची धास्ती होती म्हणून वाळलेली एक फांदी तिरकी कापून पाहिली. लाकडात काळपट रेघा नव्हत्या. फार हायसं वाटलं.

सडलेलं सगळं काढलं. नवं मिश्रण: प्युमिस (सच्छिद्र ज्वालामुखी दगडाचे खडे) दोन भाग, अकादामा (जपानी दाणेदार चिकणमाती) एक, पाइनच्या सालीचे तुकडे एक. तिन्ही चाळून घेतले, कारण बारीक भुकटी राहिली की निचरा पुन्हा तुंबतो. झाड हलू नये म्हणून तारेने कुंडीला बांधलं. हललं तर कोवळ्या मुळ्या तुटतात. आता बोट खुपसून वाफसा बघतो आणि कुंडी उचलून वजनाचा अंदाज घेतो. पाणी शक्यतो पावसाचं साठवलेलं देतो, कारण जड पाण्यातल्या क्षारांनीही कडा करपतात.

छाटणी अगदी थोडी केली. मेपलचे डोळे समोरासमोर जोडीने येतात, त्यामुळे शेंडा जोडीच्या वर कापला की तिथे दुबेळकं फुटतं. मला ते हवंच होतं.

गेल्या आठवड्यात डोळे लालबुंद झाले. परवा पहिलं पान बाहेर आलं: मिटलेल्या पंख्यासारखं, चुण्या पडलेलं, बारीक पांढरी लव असलेलं. आज सकाळी सात बोटं मोजली. कडा तांबूस आहेत. ज्या झाडाच्या बीपासून हे आलं, त्याच झाडाच्या बियांचं दुसरं रोप मात्र पूर्ण हिरवं फुटलंय. बियांच्या रोपांत असा फरक पडतोच, म्हणून नावाजलेल्या जाती कलमानेच करतात. मला दोन्ही तितकीच लाडकी.

पानं जून होईपर्यंत खत नाही. त्यानंतर अर्ध्या मात्रेने सुरू करेन.