नावापुढचं प्रश्नचिन्ह

गुरुवार, रात्र

रविवारी सिंहगडावर जायचं ठरलंय. मघाशी ग्रुपवर यादी आली. तेजस-मुग्धा, ओंकार-सायली, रोहन-निनाद. आणि सगळ्यात खाली एकटं माझं नाव, पुढे प्रश्नचिन्ह. एवढंच. ओंकारच्या मनात वाकडं काही नव्हतं, मला माहीत आहे. मला कोणाच्या गाडीवर बसवायचं, इतकंच त्याला विचारायचं होतं. तरी झोप गेली ती गेलीच.

नेमकं काय लागलं, तेच कळत नाहीये. गाडी नाही याचं दुःख म्हणावं तर तसं नाही. बाबांनी दिवाळीत विषय काढला होता, मीच नको म्हटलं. का नको म्हटलं ते घरी सगळ्यांना माहीत आहे, कोणी बोललं नाही. मग आज एका चिन्हाने एवढं काय झालं?

लग्नाच्या वरातीतून परतताना उरलेल्या पाहुण्याला कोणत्या तरी गाडीत कोंबतात, तसं वाटतं मला दर वेळी. चहाला जायचं असो, की चतुःशृंगीपर्यंत जायचं असो, निघताना सगळे किल्ल्या काढतात आणि मग एक क्षण शांतता पसरते. त्या क्षणात मी काय करायचं असतं? हसायचं? चप्पल नीट करायची? मुग्धाकडेही गाडी नाही. पण तिच्या नावापुढे प्रश्नचिन्ह येत नाही. गेल्या वर्षी माझ्याही नावापुढे येत नव्हतं. त्याबद्दल नाही लिहायचं.

खरं तर गाडीवाचून माझं अडत नाही. विद्यापीठाचा परिसर ४११ एकरांचा, पण मी तो पायांनी शिकले. मुख्य इमारतीकडून जयकर ग्रंथालयाकडे वडांच्या सावलीतून कसं जायचं, मेन गेटला किती वाजता पोचलं की बसमध्ये बसायला जागा मिळते, हे मला पाठ आहे. गाडीवाल्यांना बिचाऱ्यांना फक्त पार्किंग पाठ असतं. मी पुण्यात आले त्याच वर्षी, २९ सप्टेंबर २०२४ ला, जिल्हा न्यायालय ते स्वारगेट भुयारी मेट्रो सुरू झाली. पहिल्यांदा त्या स्टेशनात उतरले तेव्हा सरकते जिने संपेचनात. सुमारे ३३ मीटर खोल आहे ते. वर कोर्टाची गर्दी आणि खाली एवढा थंडावा. विद्यार्थी कार्डावर मेट्रोला ३० टक्के सवलत आहे. शिवाजीनगरला चढलं की कसबा, मंडई, स्वारगेट. मंडईला जायला पूर्वी लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीत किती जीव नकोसा व्हायचा, हे सीनियर मुली सांगायच्या. मला ते कधी सोसावंच लागलं नाही.

तरी ती यादी पुन्हा उघडून पाहिली.

हे शहर कधीकाळी सायकलींचं होतं, असं आमचे सर नेहमी सांगतात. तेव्हा कोणाच्या नावापुढे काय लिहीत असतील? डबलसीट तेव्हाही होतीच म्हणा, आणि पोलीसही पकडायचे म्हणे.

आता जरा नीट लिहिते. लिफ्ट घेतली की मी बदलते. ठरलेल्या वेळेआधीच हॉस्टेलच्या गेटवर जाऊन उभी राहते, म्हणजे कोणाला थांबायला लागू नये. पेट्रोलचे पैसे पुढे करते, ते घेत नाहीत, मग चहाचे मी देते, शिवाय खाण्याचेही. गाणी कुठली लावायची, कुठल्या रस्त्याने जायचं, यात मी मत देत नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे परत निघायची वेळ माझी नसते. डोकं दुखत असलं, अभ्यास राहिला असला, कोणाचं बोलणं लागलं असलं, तरी मागे बसून आलेल्या माणसाने 'चला निघू या' म्हणायचं नसतं. कोणी तसा नियम केलेला नाही. मीच पाळते. जानेवारीत पानशेतला मी संध्याकाळभर पाण्याकडे बघत बसले होते ते पाणी सुंदर होतं म्हणून नव्हे.

हां. हेच आहे बहुतेक. उरलेपणापेक्षा हे जास्त लागतंय.

गावी जाते तेव्हा असं होत नाही. वाकडेवाडीला एसटीत चढले, 'एक हाफ' म्हटलं, खिडकी मिळाली की मी राणी. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. आई म्हणाली होती, आता येईन गं दर महिन्याला तुझ्याकडे. अजून आलेली नाही. असो.

आणि मळवली! लोणावळा लोकलने गेले होते, एकटी, कोणाला न सांगता. शिवाजीनगरला बसले, खडकी, दापोडी, पिंपरी, चिंचवड करत तळेगाव गेलं की बाहेरचा रंगच बदलतो. भातशेतं सुरू होतात, डब्यात दूधवाल्यांच्या रिकाम्या किटल्या वाजतात. मळवलीला उतरून भाज्याची लेणी चालत गाठता येतात. चैत्यगृहाच्या लाकडी फासळ्यांखाली मी हवा तेवढा वेळ बसले. दोन हजार वर्षांपूर्वीचं लाकूड अजून छताला आहे, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटत नाही. मग पाऊस आला, म्हणून उठले. दुपारी लोकलला बराच वेळ खंड असतो, तेव्हा स्टेशनच्या बाकावर बसून डबा खाल्ला. त्या दिवशी कोणाचे आभार मानावे लागले नाहीत. संध्याकाळी खोलीवर आले तेव्हा इतकी हलकी होते की सायलीने विचारलं, काय गं, काय झालं?

मग सिंहगड काय अवघड आहे? तीसेक किलोमीटर. स्वारगेटहून ५० नंबर पायथ्याला जाते. रविवारी सकाळी घाटरस्त्यावर गाड्यांची रांग लागते, हे काही गुपित नाही. पायथ्यापासून आतकरवाडीच्या वाटेने चढायचं, दम लागला की ताकवाल्या मावशींपाशी टेकायचं, वर पुणे दरवाजा. गाडीने आलेलेही तिथूनच आत जातात.

लिहून टाकलं ग्रुपवर: मी बसने येते, पुणे दरवाज्यापाशी भेटू.

ओंकारचा अंगठा लगेच आला. रोहनचाही. मुग्धाने हृदय टाकलं. तेजसने वाचलंय.

एवढ्या सहज? आता हे लागतंय. थोडा आग्रह व्हायला हवा होता, 'अगं वेडी का, आपण करू काहीतरी' एवढं तरी. आग्रह झाला असता तर मी विरघळले असते, गेटवर जाऊन उभी राहिले असते, हेही मला माहीत आहे. तरी हवा होता. दोन्ही खरं आहे आणि मला त्यातलं एकही खोडता येत नाहीये.

पहिली मेट्रो सहाला. ती गाठली तर ऊन चढायच्या आत निम्मी वाट होईल. पाण्याच्या दोन बाटल्या, टोपी, सुटे पैसे. वर पिठलं-भाकरी सगळ्यांबरोबर खाईन, मटक्यातलं दही खाईन, तेजसशीही बोलेन, अभ्यासाचं वगैरे. तीनला उतरायला लागेन. ते थांबणार असतील तर थांबू देत.